काठावर एक माणूस कोरडा

घरची सगळी मिळून रानातल्या पाण्यावर पोहायला निघाली की टॉवेल किती, कपड्यांचे जोड किती, बरोबर खायला काय, याची खलबतं आदल्या रात्रीच होतात. भिजायचं कुणी नाही, हे मात्र कुणीच ठरवत नाही. खरं तर आधी ठरवायचं ते हेच. पाण्यात पाच जण असोत की दोन, काठावर एक मोठं माणूस कोरडं हवं. त्याला पोहता येत असेल तर उत्तमच, पण त्याचं काम पोहण्याचं नाही, बघण्याचं आहे. आणि बघणं वाटतं तितकं सोपं नसतं.

हे काम कुणाच्या वाट्याला येतं पाहा. ज्याला पोहता येत नाही, ज्याला सर्दी झालीय किंवा जी 'तुम्ही जा, मी बसते इथंच' म्हणते, तिच्या गळ्यात ते पडतं. त्याच्या जोडीला डबे उघडणं, फोटो काढणं आणि तान्ह्याला झोपवणंही येतं. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे. काठावरचा माणूस म्हणजे उरलेला माणूस नव्हे. घरात ज्याला पाणी सगळ्यांत जास्त कळतं त्यानं पहिली पाळी घ्यावी, कारण घोटाळे बहुधा सुरुवातीच्या मिनिटांतच होतात. तेव्हा अंग गार पाण्याला सरावलेलं नसतं आणि तळ पायाच्या ओळखीचा नसतो.

पाळी वीस मिनिटांची पुरे. त्याहून जास्त वेळ चकाकत्या पाण्याकडे पाहत बसलं की डोळे उघडे राहतात, पण दिसत काही नाही. बदलीसाठी एक शिटी दोरीत ओवून गळ्यात घालावी. शिटी ज्याच्या गळ्यात, पाळी त्याची. हे पोरखेळ वाटेल, पण त्यामागे कारण आहे. काठावर सहा मोठी माणसं बसलेली असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं, बाकीचे पाच बघतायत. 'बघतोयस ना?' 'हो हो.' एवढ्यावर पाळी बदलत नाही. शिटी हातात येते तेव्हा फोन पिशवीत जातो, आणि पाण्यात कितीजण आहेत तो आकडा मोठ्यानं बोलून मगच आधीचा माणूस उठतो. बसायचं ते सूर्य पाठीशी घेऊन, नाहीतर पाण्यावरच्या चकाकीत एक अख्खं डोकं लपतं.

पण हे सगळं पुढचं. पाण्याशी पोहोचल्याबरोबर मुलं कपडे काढायला लागतात आणि त्यांना अर्धा तास थोपवणं ही या माणसाची पहिली कसोटी. त्या अर्ध्या तासात आत कुठून शिरायचं ते शोधायचं नसतं, बाहेर कुठून यायचं ते शोधायचं असतं. आत काय, कुठूनही जाता येतं. भिजलेलं, दमलेलं, बोटं बधिर झालेलं पोर कुणी हात न देता जिथून वर चढू शकेल ती जागा खरी. अशी एक जागा धारेच्या खालच्या अंगालाही हवी, कारण दमलेला माणूस उतरला तिथं परत येत नाही, पाणी नेईल तिकडे जातो. बंद पडलेल्या दगडखाणींचं निळंशार पाणी म्हणूनच वाईट. भिंती उभ्या, खोली एकदम, वरचा हातभर थर उन्हानं तापलेला आणि खाली गारठा. बाहेर यायची जागा जवळजवळ नसतेच. कुटुंबानं ते पाणी वरूनच बघावं.

पाणी वाहतं असेल तर वेग डोळ्यांनी ठरवू नये. काठानं १० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना दगड ठेवा, वरच्या दगडासमोर मधल्या धारेत काटकी फेका आणि सेकंद मोजा. १० सेकंदांत खालच्या दगडापाशी पोहोचली तर वेग सेकंदाला १ मीटर. हा रमतगमत चालण्याचा वेग आहे, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण बऱ्यापैकी पोहणारा माणूससुद्धा त्याच्या विरुद्ध जेमतेम जागेवर राहतो. १०० मीटरची शर्यत मारणारे जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटू सेकंदाला २ मीटरच्या किंचित वर जातात, आणि तेही मिनिटभराच्या आत संपणाऱ्या शर्यतीत. मुलं बरोबर असतील तर काटकीला ते १० मीटर जायला ३०-४० सेकंद तरी लागायला हवेत. कमी लागले तर पाय भिजवा आणि दुसरी जागा शोधा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे 'थोडंसंच जोरात आहे' हा हिशेब नदीपाशी चालत नाही.

वळणावरचे दोन काठ म्हणजे दोन वेगळ्या नद्या समजा. बाहेरच्या काठाला पाणी घासत जातं. तिथं खोली असते, ओढ असते आणि काठाखाली पोखरलेल्या कपारी असतात. आतल्या काठाला वाळू आणि गोटे साचतात, उतार सावकाश असतो. मुलांचं पोहणं या आतल्या काठाचं. मग खालच्या अंगाला दोनशे पावलं चालून यायचं. आडवं पडलेलं झाड, पाण्यात लोंबणाऱ्या फांद्या किंवा ओढ्यात शिरलेलं तारेचं कुंपण दिसलं तर तो डोह कितीही सुंदर असला तरी बाद. अशा अडथळ्यातून पाणी आरपार जातं आणि माणूस चाळणीत अडकावा तसा अडकतो, शिवाय मागून रेटा चालूच राहतो.

बुटक्या बंधाऱ्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत, कारण त्याला कुणी भीत नाही. गुडघाभर उंचीवरून पाण्याची गुळगुळीत चादर पडत असते, खाली पांढरा फेस असतो, मुलांना वाटतं घसरगुंडीच आहे. पण पडणारं पाणी तळापर्यंत जातं, काही अंतरावर वर येतं आणि त्यातलं बरंचसं पृष्ठभागावरून मागं, पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं. त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू पडते, बुडते, वर येते, मागं ओढली जाते. फेसाखाली एखादं लाकूड एकाच जागी गोल गोल फिरताना दिसलं तर ते नीट बघा आणि मुलांनाही दाखवा. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यानं ते अंगाला नेहमीइतकं उचलतही नाही. धबधब्याच्या पायथ्याशीही हाच प्रकार, शिवाय वरून दगड पडण्याची भीती.

खोली काठीनं मोजायची. स्वच्छ पाणी इथं फसवतं. प्रकाश वाकतो आणि तळ आहे त्याच्या पाऊण खोलीवर दिसतो. दीड मीटर भासतं तिथं दोन मीटर असतं, म्हणजे मोठ्या माणसाच्याही डोक्यावरून पाणी. गढूळ पाण्यात उलटी गत, दगड हातभरावर असला तरी दिसत नाही. म्हणून डोक्याकडून सूर मारायचा नाही. कितीही ओळखीचा डोह असला तरी नाही. प्रत्येक पुरात गोटे सरकतात, ओंडके येऊन रुततात, आणि 'गेल्या वर्षी इथंच उड्या मारल्या होत्या' हा काही पुरावा होत नाही. मान मोडायला फार उंची लागत नाही, उथळ पाणी पुरतं.

आता एक काटकी पाण्याच्या रेषेवर बरोबर रोवून ठेवा. दर दहा मिनिटांनी तिच्याकडे नजर टाकायची. ती पाण्यात उभी दिसली, म्हणजे पाणी बोटभर जरी चढलं, तरी शिटी वाजवून सगळे बाहेर. वरच्या खोऱ्यात पाऊस झाल्याचं, धरणाचं पाणी सुटल्याचं पहिलं वर्तमान हीच काटकी देते. डोक्यावर आभाळ लख्ख असतं, इथं फसगत होते. पाणी चहासारखं व्हायला लागणं, एकाएकी पालापाचोळा वाहत येणं आणि आवाज जड होणं या पुढच्या खुणा. त्या दिसेपर्यंत थांबू नये.

पाण्याच्या स्वच्छतेचं थोडक्यात. जोराच्या पावसानंतर निदान दोन दिवस पोहू नये, शेतातलं, गटारातलं सगळं धुऊन आलेलं असतं. साचलेल्या पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर त्यात काठी घालून वर काढा. केसांसारख्या लांब तारा लोंबल्या तर साधं शेवाळ. काठीला रंगाचा लेप बसला तर तो निळ्या-हिरव्या जिवाणूंचा असण्याची शक्यता धरावी आणि कुत्र्यालाही पाण्यात सोडू नये. त्यांचं विष पाणी उकळूनही जात नाही. अंगावरच्या जखमा पाणी न शिरणाऱ्या पट्टीनं झाकाव्यात, कारण लेप्टोस्पायरोसिस हा आजार जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून अशाच चिरांवाटे शरीरात शिरतो. ताप यायला बहुधा एक-दोन आठवडे लागतात. तोवर पोहणं विसरलेलं असतं, आणि डॉक्टरांना सांगायचं तेच राहतं. ऐन उन्हाळ्यातल्या कोमट, संथ पाण्यात नाकात पाणी जाऊ देऊ नये आणि तळाचा गाळ ढवळू नये, तिथल्या एका दुर्मिळ पण जीवघेण्या अमीबाची वाट नाकातूनच जाते.

मग उतरायचं. चालत, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि तिथं थांबायचं. मनगटं, मानेची मागची बाजू, तोंड ओलं करायचं. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात एकदम उडी घेतली की छातीत हुंदक्यासारखा एक मोठा श्वास आपोआप भरला जातो. तो कुणाच्या इच्छेवर नसतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर एवढ्यानंच काम होतं. त्यानंतर श्वास धापेसारखा चालतो, पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जास्त, आणि एक-दोन मिनिटांत ओसरतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी अतिथंड पाण्यासाठी १-१०-१ असं सूत्र सांगितलं आहे. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटं आणि गारठून शुद्ध हरपण्याआधीचा सुमारे १ तास. लोक भितात त्या तासाला. माणूस बुडतो तो पहिल्या मिनिटात किंवा पुढच्या दहात, हात चालेनासे होतात म्हणून.

पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं, आणि लहान मूल आकाराच्या मानानं जास्त कातडी घेऊन पाण्यात उतरलेलं असतं, त्यामुळे ते मोठ्यांच्या आधी गारठतं. 'थंडी वाजतेय का?' असं विचारू नका. उत्तर 'नाही' असंच येणार, ओठ निळे असले तरी. त्याऐवजी अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांगा. जमलं नाही किंवा बडबडं पोर गप्प झालं तर बाहेर. जितके अंश तितकी मिनिटं, असा एक हिशेब पोहणाऱ्यांत चालतो. तो सरावलेल्या मोठ्या माणसांसाठी ठीक आहे, मुलांना लावू नये. त्यांना पाच-दहा मिनिटं आत, मग बाहेर येऊन ऊन, मग पुन्हा आत.

आता बघण्याचं. बुडणारा माणूस हात हलवून 'वाचवा' म्हणतो, अशी एक ठाम समजूत आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून जे दाखवलं ते अगदी वेगळं होतं. शरीर पाण्यात उभं, पाय मारत नाहीत. तोंड पाण्याच्या पातळीशी, कधी वर कधी खाली, आणि वर असेल तेवढ्यात श्वास सोडून परत घेणं एवढंच साधतं, ओरडायला श्वास उरतच नाही. हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते हलवून इशारा करणं हातात नसतं. लांबून हे अदृश्य शिडी चढल्यासारखं दिसतं. हे २० ते ६० सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो. आवाज नाही, खळबळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा.

म्हणून काठावरून कान देऊन भागत नाही. जीवरक्षकांच्या शिक्षणात दहा-वीसचा एक नियम आहे. आपल्या वाटच्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरली पाहिजे आणि वीस सेकंदांत अडचणीतल्या माणसापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. घरगुती पाळीला हेच माप धरून पोहण्याची हद्द आखावी. या झाडापासून त्या खडकापर्यंत, बस्स. डोकी मोजत राहायची, दर फेरीला. किंचाळणाऱ्या, पाणी उडवणाऱ्या पोराची काळजी नको, त्याला श्वास आहे. जे गप्प आहे, काठाकडे तोंड करून उभं तरंगतंय, ज्याचे केस डोळ्यांवर आलेत आणि ते बाजूला करत नाही, त्याला नावानं हाक मारा. उत्तर आलं नाही की विचार करत बसू नये. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी, पिवळे किंवा झगझगीत गुलाबी असावेत. निळा आणि करडा रंग हातभर पाण्याखाली विरघळल्यासारखा नाहीसा होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला काठावरची नजर पुरत नाही, त्याच्या हाताच्या अंतरावर एक वेगळं मोठं माणूस पाण्यातच हवं. फुगवलेल्या ट्यूबा, दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. वारा त्यांना मुलासकट मधे नेतो. तरंगण्याचं जाकीट घातलं असेल तर दोन्ही खांदे धरून वर ओढून बघा, ते कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही सरकणार.

आणि श्वास रोखण्याच्या पैजा बंद. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा येते आणि प्राणवायू आधीच संपून पाण्याखाली शुद्ध जाते. हे चांगल्या पोहणाऱ्या तरण्या पोरांच्या बाबतीत घडतं, म्हणून जास्त सांगावं लागतं.

कुणी अडचणीत आलं तर कोरड्या माणसानं कोरडंच राहायचं. हा भाग मनाला पटत नाही, पण वाचवायला उडी घेतलेला माणूस बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात. बुडणारा माणूस समोर येईल त्यावर चढतो. त्यासाठी १५ मीटर दोर जवळ हवा, ८ ते १० मिलिमीटर जाड आणि पॉलिप्रॉपिलिनचा, कारण तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो. दोराची वेटोळी करू नका, फेकताना हमखास गुंततात. एक टोक पिशवीच्या तळाला बांधा आणि बाकीचा दोर हातावर हात घेत तसाच पिशवीत कोंबत जा. मोकळं टोक एका हातात धरायचं, पण मनगटाला गुंडाळायचं नाही. पिशवी खालून झुलवून बुडणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो. आधी नावानं ओरडा, मग फेका. दोर हाती आल्यावर झटका मोठा बसतो, म्हणून काठावर बसकण मारायची. नेम चुकला तर दोर ओढून घ्यायचा, पिशवीत थोडं पाणी घ्यायचं आणि परत फेकायची, पुन्हा कोंबत बसायचं नाही. दोर नसेल तर दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीत वजनापुरतं थोडं पाणी ठेवून झाकण घट्ट लावा. तीही फेकता येते आणि छातीशी धरून तरंगता येतं.

आत असलेल्यानं काय करायचं ते काठावरच शिकवून ठेवावं. ब्रिटनमधली, १८२४ साली स्थापन झालेली आरएनएलआय ही बचावसंस्था एवढंच सांगते की आधी तरंगा. डोकं मागं, कान पाण्यात, हातपाय सैल पसरलेले, पाय खाली गेले तरी हरकत नाही. श्वास जागेवर आला की मग पोहायचं किंवा हाक मारायची. वाहत्या पाण्यात पाय खालच्या दिशेला ठेवून उताणं राहायचं आणि पाणी मांड्यांखाली येईपर्यंत उभं राहायला बघायचं नाही. दोन गोट्यांमध्ये पाऊल अडकलं की धार माणसाला तोंडावर पाडते. पाणवनस्पती पायाला लागल्या तर झटके देऊ नका, आडवं होऊन नुसत्या हातांनी, आलो त्याच वाटेनं मागं.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं यात वेळ घालवू नये. मदतीसाठी फोन लावायला दुसऱ्याला सांगून आधी तोंडावाटे पाच श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत. शुद्धीवर असला, पण खोकला थांबत नसला किंवा धाप लागत असली, तरी दवाखाना गाठायचा.

सगळं सुरळीत होऊन मुलं हसत बाहेर आली तरी पाळी संपत नाही. बाहेर आल्यावरही शरीराचा गाभा काही काळ गार होत राहतो, म्हणून पाण्यात ठीक असलेलं पोर दहा मिनिटांनी कपडे घालताना थडथडायला लागतं. कपडे उलट्या क्रमानं भरून ठेवावेत, शेवटी घालायचं ते तळाशी आणि पहिलं वर. बाह्या सुलट्या करून. बधिर बोटांना बटणं लागत नाहीत, म्हणून डोक्यातून घालायचे सैल कपडे. पायांखाली चटई. आधी धड पुसून वरचे कपडे, टोपी, मग खालचे, आणि ओल्या पावलांवर मोज्यांशी झगडणं सगळ्यांत शेवटी. कढत पाणी अंगावर घ्यायची घाई नको, कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडून भोवळ येते. गरम, गोड काहीतरी प्यायला द्यावं आणि काही खायला. खाल्ल्यावर तासभर पोहू नये, या जुन्या नियमाला फारसा आधार नाही. मोठ्यांच्या दारूला मात्र पाण्याच्या आसपासही जागा नाही.

मुलं गुंडाळून उन्हात बसली की कोरड्या माणसाची पोहायची पाळी येते. शिटी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, रोवलेल्या काटकीकडे एकदा बघायचं आणि उतरायचं. काठावर ऊन खाल्लेल्या अंगाला हे पाणी सगळ्यांपेक्षा जास्त गार लागतं. इतरांना सांगितलेलं मिनिट त्यालाही लागू. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, मान ओली करायची, आणि धाप ओसरून श्वास लांब व्हायला लागला की मगच पाय सोडायचे.